पोरांच्या हाताला येईल असं

सावंतवाडीचा पांगुळगाडा आमच्याकडच्या बऱ्याच घरांत आता काचेच्या कपाटात असतो. वीतभर उंचीचा. चाकं फिरतात, पण त्यांना जमीन कधी लागलेली नसते. शेजारी लाकडाचा हापूस, वांगं, सीताफळ. पाहुणे येतात, अगदी खरं वाटतं म्हणतात, कपाट बंद होतं. त्याच घरात मुलांची म्हणून जी खोली असते, तिच्या भिंतीवर मात्र प्लॅस्टिकचे स्टिकर आणि खिडकीला कुठल्यातरी कार्टूनचा पडदा. मला हे उलटं झालेलं दिसतं. पांगुळगाडा, भोवरा, खुळखुळा, भातुकली, कळसूत्री बाहुली, चित्रकथी. सिंधुदुर्गातल्या हस्तकलांमधलं कितीतरी काम मुलांसाठी, निदान मुलं समोर बसलेली आहेत हे धरून झालेलं आहे. ते मोठ्यांच्या कपाटात गेलं आणि मुलांच्या वाट्याला चिकटवायचा माल आला.

मी कुडाळच्या बाजूला एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. आता निवृत्त आहे. मुलगा-सून मुंबई सोडून आचऱ्याच्या घरी राहायला आले, बरोबर दोन मुलं. नात पहिलीत जाणारी, नातू अजून रांगणारा. त्यांच्यासाठी मागच्या पडवीला लागून असलेली कोठीची खोली मोकळी केली. भात आता घरात साठवत नाही, कणगी केव्हाच गेली, खोली नुसती पडून होती. ती मुलांची करताना मी एकच गोष्ट धरून बसले होते. जे काही या खोलीत येईल ते मुलांच्या हाताला आलं पाहिजे. काढता आलं पाहिजे, खेळता आलं पाहिजे, मोडलं तर घरात दुरुस्त करता आलं पाहिजे. नुसतं बघायचं असं इथे काही नको.

सुरुवात भिंतीपासून करावी लागते, आणि कोकणात ती पावसाकडे बघूनच करावी लागते. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जांभ्या दगडाचा चिरा पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते सोडतो. अशा भिंतीवर प्लॅस्टिक पेंटचा जाड थर दिला की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते. दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात, पोपड्यांमागे बुरशी धरते, आणि लहान मुलाच्या खोलीत बुरशी म्हणजे सर्दी-खोकल्याला आमंत्रण. म्हणून आम्ही चुना दिला. पूर्वी किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत, आता पिशवीतला मिळतो, पण भिजवायची पद्धत तीच. मोठ्या पिंपात भरपूर पाणी घालून काही दिवस मुरू द्यायचा, फडक्याने गाळायचा, थोडा डिंक घालायचा म्हणजे हाताला पांढरं लागत नाही. चुना मुळातच बुरशीला मारक आहे. तो ओला असेपर्यंत मात्र पोरांना खोलीच्या दाराशीसुद्धा येऊ देऊ नये, डोळ्यांत गेला तर भाजतो.

जमिनीपासून मुलाच्या छातीइतक्या उंचीपर्यंत गेरूचा पट्टा दिला. जुन्या घरांतून असा पट्टा सर्रास असायचा. त्यात शोभा होती आणि शहाणपणही, कारण मळके हात नेमके तिथेच लागतात. गेरूवर खडूने छान लिहिता येतं, ओल्या फडक्याने पुसता येतं, आणि फारच खराब झालं तर गेरूचा एक हात सकाळच्या वेळात देऊन होतो.

या खोलीत दोन कोनाडे निघाले. आधीच्या कुणीतरी त्यांना फळ्या ठोकून बंद केलं होतं. ज्यांचं घर जुनं आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की कोनाडे बुजवू नका. भिंतीच्या जाडीत बसलेलं, न पडणारं, कोपरे न लागणारं, रांगत्या मुलाच्या उंचीवरचं असं फडताळ आज कुठलाही सुतार इतक्या सहज करून देणार नाही. खालच्या कोनाड्यात नातवाची खेळणी आहेत, वरच्यात नातीचा संसार. मुलं सामान परत जागेवर ठेवत नाहीत अशी तक्रार आई-वडील करतात. बहुतेक वेळा ती जागा त्यांच्या हाताच्या वर असते.

चिऱ्यात खिळा धरत नाही. ठोकला की भुगा पडतो आणि भोक मोठं होतं. लाकडाची गुट्टी आधी घट्ट बसवायची आणि मग तिच्यात स्क्रू पिळायचा. ही खबरदारी घेतल्यावर मी भिंतीच्या एका बाजूला माणगा लावला. माणगा हा आमच्याकडचा बांबू. काटे नसलेला, सरळ, जवळजवळ भरीव. कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत ‘कॉनबॅक’ ही संस्था २००४ पासून बांबूवर काम करते आहे आणि माणग्याचं फर्निचर आता दूरदूर जातं. पण परसातल्या बेटातला बांबूही चालतो, एवढंच की तो पावसाळा सरल्यावर तोडलेला हवा आणि व्हाळाच्या पाण्यात काही आठवडे मुरवलेला हवा. बांबूत पिठूळ अंश असतो, भुंगा त्यासाठीच येतो. पाण्यात मुरवला की तो अंश बराच निघून जातो. मला खोबण बनवायची होती, म्हणून मी त्यातल्या त्यात पोकळ, जाड बुंध्याचा तुकडा निवडला, कोयत्याने उभा चिरून त्याचे दोन भाग केले, कडांची कूस पॉलिश पेपरने पूर्ण घालवली आणि एक भाग भिंतीला आडवा बसवला. त्याच्या खोबणीत कागद उभा राहतो, आणि अधलीमधली पेरं ती खोबण आपोआप वाटून देतात.

ही खोबण का केली ते सांगायला पिंगुळीला जावं लागेल.

कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाची वस्ती आहे. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने या लोकांनी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. परशुराम विश्राम गंगावणे यांनी २००६ साली आपला गुरांचा गोठा साफ करून तिथेच ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी शाळेतल्या मुलांना तिथे घेऊन जायचे. शाळेत तासभर चुळबुळ करणारी मुलं तिथे शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून हलत नसत.

चित्रकथी म्हणजे चित्रांची पोथी. एकेका कागदावर रामायण-महाभारतातला एकेक प्रसंग. माणसं बाजूने रेखलेली, डोळे मोठे, रंग तांबूस-करडे. असे दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात. सांगणारा एक बाजू दाखवतो, गोष्ट म्हणतो, मग पान उलटतो. ही चित्रं भिंतीवर टांगण्यासाठी कधीच नव्हती. ती हातात धरायची, दाखवायची आणि पुन्हा पोथीत ठेवायची. आज आपण चित्रकथी विकत आणतो, काचेत मढवतो आणि सोफ्याच्या वर लावतो. चित्राला त्यात मान मिळतो, हे मला मान्य आहे. पण मुलाच्या खोलीत चित्रकथी चित्रकथीसारखीच वापरावी.

पाठीला पाठ चिकटवण्यात एक साधी युक्ती आहे. एकटा कागद वाकतो, दोन चिकटले की पुठ्ठ्यासारखे ताठ राहतात. नातीने काढलेली चित्रं आम्ही तशीच जोडीने चिकटवली आणि बांबूच्या खोबणीत उभी केली. पुढच्या बाजूला कोंबडी हरवली, मागच्या बाजूला कोंबडी सापडली. रात्री ती स्वतः पान उलटून गोष्ट सांगते आणि धाकटा ऐकतो, म्हणजे खोबणीकडे बघत हात नाचवतो. चित्रं बदलत राहतात, भिंत खराब होत नाही, आणि मुलाचं चित्र फ्रिजवर चुंबकाने अडकवण्यापेक्षा मानाच्या जागी येतं. यात खर्च काहीच नाही. बांबू नसेल तर लाकडाची खाचपट्टी चालेल.

खोलीत सर्वांत जास्त वेळ ज्या कामाला दिला ते काम गंजिफ्याचं.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं, असे एकशे वीस पत्ते. डाव दिवसा मांडला असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो सुरुवात करतो, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा. १९७०च्या सुमाराला सावंतवाडीत हे पत्ते करणारे हात जवळजवळ संपले होते. राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती कला समजून घेतली, नव्या लोकांना शिकवली आणि मोती तलावाकाठच्या राजवाड्यातच काम सुरू केलं. आजही राजवाड्यात गेलात तर कारागीर बसून पत्ते रंगवताना दिसतात. ब्रश इतका बारीक की त्याचं टोक दिसत नाही, फक्त उमटलेली रेघ दिसते.

तो पत्ता मुलाच्या हाती देण्याइतका स्वस्त नाही, आणि नसावाही, त्यात माणसाचे दिवस गेलेले असतात. पण त्याची रचना मुलांसाठी फार उपयोगाची आहे. मत्स्यावताराच्या रंगात एक्क्यावर एक मासा, दुर्रीवर दोन, आणि दश्शीवर दहा. अंकलिपीचं हे इतकं सुंदर रूप आपल्या जिल्ह्यात पडून आहे. मी ठरवलं की आपण एकच रंग करू, माशांचा, आणि ताटलीएवढा मोठा करू.

पायाच्या चकत्या कापडाच्या केल्या. चिंचोके भाजले की साल तडकते. ती काढून रात्रभर भिजवायचे, पाट्यावर गंधासारखे वाटायचे आणि पाणी घालून मंद आचेवर ढवळत शिजवायचे. खळ चमच्यावरून संथ ओघळायला लागली की उतरवायची. पुस्तक बांधणारे लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. मुलांच्या खोलीत मोरचूद मुळीच नको, ते विष आहे. लवंगेच्या तेलाचे थेंब पुरतात. जुन्या सुती साडीचे तुकडे एकावर एक खळीने चिकटवायचे, मधली हवा तळहाताने बाहेर काढायची, वर पाट आणि पाटावर पाटा-वरवंटा ठेवून सावलीत वाळवायचे. वाळल्यावर ते ढोलकीच्या पानासारखे वाजतात. मग खडूची पूड त्याच खळीत कालवून दोन थर, आणि गुळगुळीत गोट्याने घासणं. हे घासणं मुलांकडून करून घ्यावं. नात गोटा घेऊन बसली ती जेवायला उठेना, कारण खरखरीत जागेची तुळतुळीत जागा होताना तिला बोटाखाली कळत होती. हे सगळं चैत्र-वैशाखात उरकायचं. मृग लागल्यावर खळ वाळत नाही, आंबते.

मासे कुठले काढायचे हे नातीने ठरवलं. ती आता मालवणी झालेली, तिला ‘मासा’ म्हणून एक आकार पुरेना. एक्क्यावर मोरी आली, एकटी, पूर्ण चकतीभर. दुर्रीवर दोन इसवण, मुंबईचे लोक जिला सुरमई म्हणतात. तिर्रीवर पापलेट, चौकटीत बसवल्यासारखे. चव्वीवर लेपे, आडवे पसरलेले. पंजीवर बांगडे, हिरव्या-निळ्या पाठीवर गडद रेघांसह. पुढे सौंदाळे, तारल्या, आणि दश्शीवर दहा पेडवे, रापणीच्या जाळ्यात चमकतात तसे एकमेकांवर पडलेले. आकडा वाढतो तसा मासा लहान होतो. हे तिला कुणी सुचवलं नव्हतं. टोपलीत किती मासळी मावते हे रोज बघणाऱ्या मुलाच्या डोक्यात ते आपोआप आलं.

शेवटचा हात चपडा लाखेचा. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून ते पॉलिश अंगणात, मोठ्या माणसाने द्यायचं. स्पिरिट पेट घेतं आणि त्याचा वास डोक्यात जातो. वाळल्यावर मात्र ही लाख निर्धोक असते. पळस-कुसुंबाच्या झाडांवरचा कीटक जी लाख करतो तीच ही, औषधाच्या गोळ्यांवर आणि मिठाईवरही तिचा थर असतो. चकत्या भिंतीला चिकटवल्या नाहीत. नातीच्या डोळ्यांच्या उंचीवर लाकडी खुंट्यांची ओळ आहे, प्रत्येक चकतीला वर एक भोक. संध्याकाळी चकत्या खाली येतात, जमिनीवर बाजार मांडला जातो, आणि ‘माका पाच बांगडे होये’ म्हणून गिऱ्हाईक येतं. मग पंजी द्यावी लागते.

आता लाकडी खेळणी. सावंतवाडीच्या चितार आळीत मी पूर्वीपासून जाते. फळं आणि खेळणी पूर्वी पांगाऱ्याच्या लाकडाची करत, कारण ते अतिशय हलकं. फाल्गुनात लालभडक फुलणारा, मिरवेलीला आधार म्हणून लावतात तो काटेरी पांगारा. आता आंब्याचं आणि इतर लाकूडही वापरतात. खेळण्यावर लाखेचा रंग द्यायची जुनी रीत पाहण्यासारखी आहे. चरकावर लाकूड गरगर फिरत असतं, त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर चढते. रंग लावलेला नसतो, लाकडात बसवलेला असतो. एका कारागिराने मला सांगितलं होतं, “पोरां वस्तू तोंडात घालतलीच. रंगच तसो व्हयो.” खेळण्यांच्या सुरक्षिततेवरची मोठी पुस्तकं याहून वेगळं काही सांगत नाहीत.

म्हणून विकत घेताना विचारायला लाजू नये. रंग लाखेचा की ऑइल पेंट? ऑइल पेंट असेल तर कुठला? भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम लागू आहे, आणि चांगल्या डब्यावर तसं छापलेलं असतं. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीला मारक आहे आणि चमकदार पिवळ्या-तांबड्या रंगांत ते पूर्वी खूप असे. घरात पडलेला जुना, लेबल गेलेला डबा मुलांच्या पाटाला किंवा खुर्चीला वापरू नका. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, पण हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणजे चितार आळीतल्या खेळण्यावर ते चिन्ह नसेल तर दचकू नका, पण मग विचारपूस आपली आपण करायची. तीन वर्षांखालच्या मुलासाठी आकारही बघायचा. जी वस्तू तीन सेंटिमीटर रुंदीच्या नळीतून खाली जाईल ती त्याच्या घशातही अडकू शकते. लाकडी आंबा त्याच्या हातात द्या, लाकडी जांभूळ नको.

आणि पांगुळगाडा घ्यायचा तर खरा घ्या, चालवायचा. मुलाला बरोबर न्या. उभं राहिल्यावर हात कुठे येतात ते कारागीर बघतो आणि दांडी त्या बेताने बसवून देतो. एक सूचना माझी. हल्लीच्या फरश्यांवर चाकं फार भराभर पळतात आणि मूल तोंडावर येतं. पूर्वी जमीन सारवलेली असायची, ती चाकांना धरून ठेवी. चाकांना सुंभाचा एक वेढा घट्ट चिकटवला की वेग मोडतो.

गोधडीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती प्रत्येक घराला येते. मऊ झालेल्या सुती साड्या आत, त्यातल्या त्यात धड साडी वर, आणि कडेकडेने आत येणारा धावदोरा. मी नातीच्या गोधडीला एक खिसा शिवला आहे. झोपताना हातातली वस्तू तिथे जाते आणि सकाळी तिथेच मिळते.

शिंपल्यांबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. मालवणच्या किनाऱ्यावरची मुलं शिंपले गोळा करणारच, आणि आलेले पाहुणे पिशव्या भरभरून नेतात. खोली समुद्राची करायची म्हणून प्रवाळाचे तुकडे, समुद्रपंखे, मोठे शंख मांडायची एक फॅशन आहे. ती मला मुळीच आवडत नाही. १९८७ साली मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा भाग धरून २९ चौरस किलोमीटरच्या वर. तिथून काही उचलायचं नसतं. शिवाय २००१ साली सगळे टणक प्रवाळ, समुद्रपंखे आणि काही जातींचे शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आले. दुकानात विकायला आहे म्हणून ते कायदेशीर आहे असं नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, रिकाम्या शंखात घर करून राहणारा खेकडा असतो. शंख आपल्या खोलीत आला की त्याला घर उरत नाही.

आमच्याकडे शिंपल्यांची खाण स्वयंपाकघरात आहे. तिसऱ्यांची एकशिपी केली की एक एक शिंपी कालवणात जाते आणि दुसरी टाकून देतात. त्या टाकलेल्या गोळा करायच्या, उकळत्या पाण्यात सोडा घालून घासायच्या, गोड्या पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि उन्हात वाळवायच्या. मिठाचा अंश राहिला तर पावसाळ्यात त्यांना पाणी सुटतं आणि वास येतो. बहुतेकांवर बारीक किरमिजी-तपकिरी रेघा असतात आणि एका शिंपीची नक्षी दुसरीसारखी नसते. नातीने त्यांची जोडी लावायचा खेळ केला. जोड्या सापडत नाहीत, तरी ती शोधत बसते. पुठ्ठ्यावर शिंपल्यांची कौलं घालून तिने एक घरही बांधलं, खालच्या ओळीवर वरची ओळ थोडी चढवून, खऱ्या नळ्यांच्या कौलांसारखी.

करवंट्यांचं सांगायला नको, कोकणात त्या कमी नाहीत. आतून काचेच्या तुकड्याने खरवडून, खोबरेल चोळून ठेवल्या की वर्षानुवर्षं टिकतात. नातीच्या पेन्सिली, खडू, चिंचोके, बिया त्यांतच आहेत.

काही गोष्टी आम्ही ठरवून खोलीबाहेर ठेवल्या. जुन्या जाळ्याचा पडदा शोभेसाठी टांगतात, पण नायलॉनच्या जाळ्यात मुलाची बोटं आणि मान अडकते. पाळण्यावर पूर्वी चिमणाळं टांगायचे, कापडी चिमण्यांचं. ते नातवासाठी तो तान्हा असताना मी केलं होतं, मात्र हाताला लागणार नाही इतक्या उंचावर, आणि तो बसू लागला तेव्हा पाळण्यावरून काढून टाकलं. मुलाच्या आवाक्यातली लोंबती दोरी वीतभरापेक्षा लांब नको. कळसूत्री बाहुली त्याच कारणाने उंच खुंटीवर आहे. तिच्या दोऱ्यांशी खेळायचं ते मोठ्या माणसाच्या मांडीवर बसून. हाताच्या उंचीचा नियम इथे एवढ्यापुरता मोडला आहे.

छायाबाहुल्यांना मात्र दोरी नाही, काठी असते. पिंगुळीला चामड्याच्या बाहुल्या पांढऱ्या कापडामागे धरून मागे दिवा ठेवतात. आम्ही जाड पुठ्ठा कापून केल्या आणि काठीच्या जागी खराट्यातले जाड हीर लावले. डोळे आणि कपड्यांवरची नक्षी दाभणाने टोचून पाडली, उजेड त्या भोकांतूनच येतो. नातीने केलेला कोंबडा, मी केलेला दशमुखी रावण, मुलाने हौसेने केलेली एसटी, तिच्या खिडक्या कापून आत पतंगाचा लाल-पिवळा कागद लावलेला. जुलैत वारा सुटला, कुठेतरी तारेवर फांदी पडली आणि वीज गेली की चुन्याची पांढरी भिंत पडद्याचं काम करते. बॅटरी बाहुलीच्या जवळ नेली की सावली छपरापर्यंत जाते, लांब नेली की वितीएवढी होते. पहिलीतल्या मुलीला हे पुस्तकातून शिकवायची गरज उरत नाही. बॅटरीच वापरावी, मेणबत्ती किंवा चिमणी नको, पुठ्ठा आणि गोधडी दोन्ही पेटणारी.

पावसाळ्यात पुठ्ठा सादळतो आणि बाहुल्या माना टाकतात. त्यावर आमचा उपाय म्हणजे त्या न्हाणीघरातल्या चुलीवरच्या माळ्यावर, सुक्या नारळांच्या आणि आमसुलांच्या शेजारी पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. डबा खाली काढून द्यायला मात्र कुणीतरी मोठं माणूस लागतं, त्यामुळे वीज गेली की आधी माझ्या नावाने हाक येते.